थेट अमेरिका: विमानाचा पल्ला आणि कंपन्यांची रस्सीखेच

नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंगचं एक ७७७-२००एलआर विमान हाँगकाँगहून उडालं, पूर्वेकडे पॅसिफिक, मग अख्खी अमेरिका, मग अटलांटिक ओलांडून थेट लंडनला उतरलं. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं, वाटेत कुठेही न थांबता. पृथ्वीचा परीघ ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे जगातली कुठलीही दोन शहरं घेतली तरी त्यांच्यातला सर्वांत जवळचा मार्ग वीस हजारांच्या फार पुढे जात नाही. आता कुठूनही कुठेही थेट जाता येईल, असा त्या उड्डाणाचा अर्थ लावला गेला.

पण या विमानाला गिऱ्हाईकच मिळालं नाही. जेमतेम साठ विमानं बनली आणि प्रकरण आटोपलं. त्याच घराण्यातलं ७७७-३००ईआर मात्र आठशेच्या वर खपलं, आणि त्याचा पल्ला एलआरपेक्षा काही हजार किलोमीटरनी कमी आहे. जास्त लांब जाणारं विमान पडून राहावं आणि कमी जाणारं हातोहात विकलं जावं, हे कोडं सुटलं की लांब पल्ल्याच्या विमानसेवेचा बराचसा धंदा कळतो. तिकिटं काढताना ‘थेट एवढं महाग आणि दुबईवरून एवढं स्वस्त कसं?’ हा जो प्रश्न पडतो, त्याचं उत्तरही त्यातच आहे.

आधी वजनाचं बघू, कारण विमानाचा पल्ला हा शेवटी वजनाचाच हिशेब असतो. आपण म्हणतो, टाकी केवढी? विमान कंपनी आधी विचारते, उडताना एकूण वजन किती चालेल? प्रत्येक विमानाला उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ठरवून दिलेलं असतं. ७७७-३००ईआरचं ते साधारण ३५१ टन आहे. रिकामं विमान, म्हणजे खुर्च्या, किचन, कर्मचारी वगैरे धरून पण प्रवासी आणि इंधन सोडून, १६८ टनांच्या आसपास भरतं. उरले १८३ टन. या १८३ टनांत इंधन, माणसं, बॅगा आणि पोटातला कार्गो असं सगळं बसवायचं.

एअर इंडियाच्या ३००ईआर विमानांत वर्षानुवर्षं ३४२ आसनं होती. सामानासकट माणशी शंभर किलो धरले तर विमान भरलं की ३४ टन झाले. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर, आणि जाताना वारा समोरून, म्हणून सोळा तास धरू. हे विमान ताशी साडेसात-आठ टन इंधन पितं. म्हणजे सव्वाशे टन इथेच गेले. शिवाय न्यूयॉर्कला हवामान बिघडलं तर शेजारच्या विमानतळापर्यंत जाण्याचं, तिथे घिरट्या घालण्याचं आणि वाटेत काही कमीजास्त झालं तर त्याचं मिळून आणखी दहा-एक टन बाळगावंच लागतं. तो नियमच आहे. बेरीज केली तर कार्गोसाठी पंधरा टनांच्या आसपास जागा राहते. हे आकडे ढोबळ आहेत. रोजचा वारा, मार्ग आणि त्या विशिष्ट विमानाचं वय यांवर ते हलतात. पण सांगायचं ते हे की समोरचा वारा नेहमीपेक्षा जोरात असला आणि प्रवास तासाभराने वाढला, तर आठ टन कार्गो मुंबईतच ठेवावा लागतो. दोन तासांनी वाढला तर कार्गो जवळजवळ संपतो. त्याच्या पुढे खुर्च्या रिकाम्या ठेवायची वेळ येते.

म्हणून जाहिरातीत लिहिलेला ‘पल्ला १७ हजार किलोमीटर’ हा आकडा मी तरी फारसा मनावर घेत नाही. तो खोटा नसतो, पण किती माणसं, किती सामान आणि कसला वारा धरून काढला हे त्यात दिसत नाही. हाँगकाँग-लंडनच्या त्या विक्रमी उड्डाणात विमानात फक्त पस्तीस माणसं होती!

आता खरी मेख. लांब जायचं तर इंधन जास्त भरायचं, एवढं सरळ ते नाही. जास्तीचं इंधन स्वतः जड असतं आणि ते वाहून न्यायलाही इंधनच लागतं. उन्हाळ्यात राजगड चढताना पाच लिटर पाणी पाठीवर घेतलं तर त्यातलं निम्मं ते ओझं वाहताना लागलेल्या तहानेवर संपतं, तसंच हे. वैमानिक आणि डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करणारी माणसं) यांचा एक ठोकताळा आहे: विमानात जेवढं जादा वजन असेल, त्याच्या तीन ते चार टक्के इंधन दर तासाला ते वजन नुसतं वाहण्यात जळतं. दोन-तीन तासांच्या दिल्ली फेरीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सोळा-सतरा तासांत मात्र शेवटपर्यंत एक टन जादा न्यायचा तर त्यापायी अर्धा टन इंधन वाटेत खर्ची पडतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यावरून लक्षात येईल की तेवढंच अंतर मध्ये एकदा उतरून पार केलं तर एकूण इंधन कमी लागू शकतं. पुन्हा चढायला इंधन लागतं, विमानतळाचं भाडं द्यावं लागतं, वेळ जातो, हे सगळं खरं. पण पंधरा हजार किलोमीटरच्या पुढे थेट जाणं ही चैन आहे आणि तिचे पैसे कुणीतरी मोजावे लागतात.

सिंगापूर एअरलाइन्सने ही चैन दोनदा करून पाहिली. २००४ मध्ये त्यांनी एअरबसचं ए३४०-५०० विमान घेऊन सिंगापूर ते नेवार्क, म्हणजे न्यूयॉर्कच्या दाराशी, थेट सेवा सुरू केली. अंतर पंधरा हजार तीनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ अठरा तासांच्या पुढे. पण विमानाला इंजिनं चार. इंधन महागलं तसा तो हत्ती पोसणं कठीण झालं. मध्येच त्यांनी सगळी इकॉनॉमी काढून टाकली आणि विमानात फक्त शंभर बिझनेस क्लासच्या खुर्च्या ठेवल्या. तरीही २०१३ मध्ये सेवा बंद करावी लागली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तीच सेवा परत आली, या वेळी दोन इंजिनांच्या ए३५०-९००यूएलआर विमानाने. या विमानात इंधनाची व्यवस्था बदलून क्षमता १,४१,००० लिटरवरून १,६५,००० लिटरवर नेली आहे, आणि आसनं आहेत फक्त १६१: ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. हेच ए३५०-९०० इतर कंपन्या तीनशेच्या आसपास आसनं घालून उडवतात. म्हणजे निम्मी माणसं कमी करून अंतर मिळवलं, आणि राहिलेल्या निम्म्यांनी सगळ्यांचा खर्च उचलायचा. सिंगापूर आणि न्यूयॉर्क ही दोन्ही बँकांची आणि बड्या कंपन्यांची शहरं आहेत म्हणून तो उचलला जातो. पाहुण्यांकडे राहायला निघालेल्या माणसाच्या जिवावर हे जमलं नसतं.

वारा आणि ऊन यांचंही थोडं सांगायला हवं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, म्हणून अमेरिकेला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा मार्गच उलटा केला. आधी ते अटलांटिकवरून जायचं. आता पॅसिफिकवरून पाठवलं. अंतर हजारभर किलोमीटरनी वाढून पंधरा हजारांच्या पुढे गेलं आणि वेळ मात्र कमी लागला, कारण वारा पाठीमागून मिळाला. नकाशावर मोजलेलं अंतर आणि विमानाला पडणारं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून चांगलं कशाने पटेल?

उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनंही दमतात. दिल्लीच्या मे महिन्यातल्या दुपारी पूर्ण भरलेलं विमान उडवायला धावपट्टी लांब लागते किंवा वजन कमी करावं लागतं. अमेरिका-युरोपची बरीच विमानं आपल्याकडून मध्यरात्री नाहीतर पहाटे सुटतात, त्याचं एक कारण हे. (दुसरं कारण म्हणजे तिकडे सकाळी पोचून पुढची विमानं पकडता यावीत. आपल्या झोपेचा विचार त्या हिशेबात नसतो.)

धावपट्टीचा विषय निघालाच आहे तर पुणेकरांचा जुना सल. एवढी आयटीतली माणसं, एवढी गाड्यांची कारखानदारी, निम्म्या सोसायट्यांमधली मुलं अमेरिकेत, आणि पुण्याहून थेट युरोप-अमेरिका नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. मोठं विमान तिथून उडू शकतं, पण चौदा तासांचं इंधन आणि तीनशे माणसं घेऊन नाही. जर्मन कारखान्यांच्या गिऱ्हाइकीवर विसंबून लुफ्तान्साने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं, तेही छोट्या विमानाने आणि सगळ्या खुर्च्या बिझनेस क्लासच्या ठेवून. सिंगापूर-नेवार्कवर जे केलं गेलं तेच इथे लहान प्रमाणात: माणसं कमी, भाडं जास्त, म्हणजे वजन बसतं. ती सेवाही पुढे बंद झाली. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, तिथे ही अडचण नाही.

एके काळी लांब पल्ला म्हणजे चार इंजिनं हे समीकरण होतं, आणि ते मोडलं म्हणूनच आजची स्पर्धा उभी राहिली. दोन इंजिनांच्या विमानाने कुठल्याही क्षणी जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांच्या आत असायला हवं, असा अमेरिकेत १९५३ पासून नियम होता. त्यामुळे महासागरावरून सरळ रेषेत जाणं दोन इंजिनवाल्यांना शक्य नव्हतं. इंजिनं भरवशाची होत गेली तशी १९८५ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीच्या बोइंग ७६७ ला १२० मिनिटांची सूट मिळाली, मग १८० झाली. आज बोइंग ७८७ ला ३३० मिनिटांपर्यंत परवानगी आहे, एअरबस ए३५० ला ३७० पर्यंत. म्हणजे एक इंजिन बंद पडल्यावर सहा तास उडत राहण्याइतका विश्वास. या नियमाला ईटॉप्स म्हणतात. चार इंजिनांची विमानं त्यानंतर एकेक करून संपत गेली: ए३४० चं उत्पादन २०११ मध्ये थांबलं, ए३८० चं २०२१ मध्ये, आणि शेवटचं जंबो ७४७ जानेवारी २०२३ मध्ये बोइंगने सुपूर्द केलं.

एवढं सगळं यंत्राचं झालं. पण विमान तयार आहे, वजन बसलं, वाराही बरा आहे, तरी इथून पुढे खरं घोडं पेंड खातं, कारण आकाश मोकळं नसतं.

१९४४ मध्ये शिकागोला ५२ देशांनी एक करार केला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की आपापल्या जमिनीवरच्या आकाशावर त्या त्या देशाची पूर्ण सत्ता. वरून जायचं असेल तरी परवानगी हवी. रोजच्या व्यवहारात ही परवानगी गृहीत धरलेली असते, त्यामुळे ती कुणाच्या ध्यानात येत नाही. बंद झाली की मग पल्ल्याचं गणित कोसळतं.

२४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला निघालेलं विमान आधी खाली गुजरातकडे, मग अरबी समुद्रावरून वळसा घालून जाऊ लागलं. जाण्याचा वेळ तासा-दीड तासाने वाढला. वर केलेला हिशेब आठवा: ताशी साडेसात-आठ टन, शिवाय ते वाहायचं वेगळं. दिल्ली-न्यूयॉर्क, दिल्ली-शिकागो अशी विमानं मग व्हिएन्नाला उतरून इंधन भरू लागली. थेट म्हणून विकलेलं विमान एका थांब्याचं झालं. वर्षभर हे चाललं तर सुमारे ६० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मुंबईच्या विमानांना ही झळ दिल्लीइतकी लागली नाही, कारण मुंबईहून निघालं की समोर समुद्रच आहे.

गंमत अशी की याच खेळात तीन वर्षांपूर्वी एअर इंडिया फायद्यात होती. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. भारतीय कंपन्यांना नाही. अमेरिकेच्या युनायटेडला सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली आणि नेवार्क-मुंबई या सेवा तेव्हा थांबवाव्या लागल्या. फिनलंडच्या फिनएअरची तर सगळी मांडणीच विस्कटली. हेलसिंकी हे युरोपातून जपान-कोरियाला जाण्याचं सर्वांत जवळचं दार, असं सांगून त्या कंपनीने आपला धंदा उभा केला होता. टोकियोचा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. त्यांचं भौगोलिक भांडवल एका आदेशाने बुडालं.

पण सवलतीलाही एक बाजू असतेच. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. विमान तेच, ७७७-२००एलआर. ईटॉप्सच्या कागदावर ‘आणीबाणीत उतरण्यायोग्य विमानतळ’ अशी नोंद असते, तेव्हा तिथे सुरक्षित उतरता येईल एवढाच त्याचा अर्थ. अडीचशे माणसांना झोपायला खाटा आहेत का, हे त्यात लिहिलेलं नसतं. गावात एवढी हॉटेलं नव्हती, म्हणून लोकांना वसतिगृहांत आणि शाळेत राहावं लागलं. दुसरं विमान तिथे जाऊन त्यांना पुढे घेऊन गेलं.

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचा अनुभवही असाच. २०१८ पासून त्यांचं पर्थ-लंडन विमान साडेचौदा हजार किलोमीटर थेट जातं, बोइंग ७८७-९, आसनं २३६. एप्रिल २०२४ मध्ये इराणजवळचं आकाश टाळायचं ठरलं आणि तेवढ्या वळशाने पर्थ-लंडन जाणारं विमान सिंगापूरला उतरवावं लागलं. येणारं विमान मात्र थेटच येत राहिलं, कारण परतीचा वारा पाठीमागून होता. म्हणजे एकाच विमानाला, त्याच दोन शहरांमध्ये, जाताना पल्ला अपुरा आणि येताना पुरेसा.

आता दुबई. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर म्हटलं. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क अकरा हजारांच्या थोडं वर, मिळून तेरा हजारांच्या आत. म्हणजे दुबईला थांबल्याने अंतर पाचशे किलोमीटरही वाढत नाही! दुबई अगदी वाटेवर आहे. दुबईच्या एमिरेट्सने ऑक्टोबर १९८५ मध्ये भाड्याच्या विमानांवर कराचीने सुरुवात केली आणि लगेच मुंबई-दिल्ली जोडली, ती या भूगोलाच्या जोरावरच.

थेट विमानाला ३४२ माणसं रोज एकाच शहरात शोधावी लागतात. दुबईहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात मुंबईची चाळीस, अहमदाबादची वीस, कोची, हैदराबाद, कराची, ढाका, नैरोबी अशी सगळीकडची माणसं बसतात. एका शहरात मंदी असली तरी विमान भरतं. विमान भरलं की भाडं उतरवता येतं, आणि दिवसाला दोन-तीन उड्डाणं ठेवता येतात. शिवाय तुमचं लातूरचं मूल अमेरिकेत बोस्टनला असेल, ह्यूस्टनला असेल, सिअ‍ॅटलला असेल. मुंबईहून थेट जाणारं विमान यातल्या एकाही शहराला नसलं तरी दुबई, दोहा किंवा अबू धाबीहून असतं. थेट विमान न्यूयॉर्कला नेऊन सोडतं आणि पुढे तुम्हाला बदलायचंच असतं. मग थांबा इकडे घेतला काय आणि तिकडे घेतला काय!

थेट विमानाची ताकद कुठे, तर सॅन फ्रान्सिस्को. तिथून मुंबई साडेतेरा हजार किलोमीटर. दुबईमार्गे जवळपास पंधरा हजार. बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को यांची तर घड्याळंही जवळजवळ उलटी. बंगळुरूची ही सेवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली, पहिल्या उड्डाणात कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला, मार्ग उत्तर ध्रुवावरून. अशा मार्गावर थेट विमान चार-सहा तास वाचवतं, आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्या आपल्या माणसांच्या त्या तासांचे पैसे मोजतात. पल्ला विकला जातो तो अशा ठिकाणी.

पण दुसऱ्या देशाची कंपनी भारतातली माणसं उचलून तिसऱ्या देशात कशी नेते? इथे हक्कांचा भाग येतो. एमिरेट्सला दोन हक्क मिळालेले असतात: दुबई-भारत आणि दुबई-अमेरिका. दोन्ही जोडले की भारत-अमेरिका तिकीट तयार. विमान क्षेत्रात याला सहावं स्वातंत्र्य म्हणतात. भारत आणि अमेरिका यांच्यात २००५ पासून खुला करार आहे, कितीही विमानं उडवा. भारत आणि दुबई यांच्यात मात्र मोजून मापून: प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनं. एमिरेट्स वर्षानुवर्षं ती वाढवून मागते आहे आणि दिल्ली हात आखडता घेते. प्रवाशाच्या बाजूने पाहिलं तर जास्त आसनं म्हणजे स्वस्त तिकीट. सरकारच्या बाजूने पाहिलं तर ती आसनं दिली की भारतीय कंपनीला न्यूयॉर्कचं विमान भरणं आणखी अवघड. दोघंही बरोबर आहेत, आणि मला स्वतःला यात सरकारची बाजू पूर्वीपेक्षा थोडी जास्त पटू लागली आहे, पण ती पटते मला तिकिटं काढायची नसतात तेव्हा.

अमेरिकी कंपन्यांनीही यावरून आकाशपाताळ एक केलं. २०१५ मध्ये डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन यांनी मिळून आरोप केला की तीन आखाती कंपन्यांना त्यांच्या सरकारांनी ४२ अब्ज डॉलरची खिरापत वाटली. आखाती कंपन्यांनी तो साफ नाकारला. २०१८ मध्ये कतार आणि संयुक्त अरब अमिरातींबरोबर समझोता झाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात डेल्टाने न्यूयॉर्क-मुंबई थेट सेवा सुरू केली, आणि तीन महिन्यांत कोविडने ती गिळली.

एअर इंडियाची आठ एलआर विमानं या सगळ्याच्या मधोमध सापडली होती. प्रत्येकात २३८ आसनं, म्हणजे ३००ईआरपेक्षा शंभरावर कमी, आणि खर्च त्या मानाने कमी नाही. ज्या मार्गांवर ३००ईआर पोचत होतं तिथे एलआरला काम उरलं नाही, आणि ज्या मार्गांना फक्त एलआरच पोचू शकलं असतं ते मार्ग जगात मोजकेच. आठांतली पाच विकून टाकली. घेतली कुणी? अबू धाबीच्या एतिहादने, आणि त्यांतून २०१४ मध्ये अबू धाबी-लॉस एंजेलिस सुरू केलं. आपल्या हब-शहरापासून (जिथे चहूकडचे प्रवासी आणून पुढच्या विमानांत बसवतात) तेरा हजारांपुढचं एक शहर जोडायला त्यांना हेच हवं होतं, कारण मागून शंभर गावांची माणसं येऊन विमान भरणार होती.

हबलाही धोके आहेत. जून २०२५ मध्ये इराणच्या क्षेपणास्त्रांमुळे कतारने काही तास आकाश बंद केलं तेव्हा जगभरातली माणसं दोह्याच्या वाटेवर अडकली. सगळी अंडी एका टोपलीत म्हणतात ते असं.

क्वांटासने आता सर्वांत मोठा डाव लावला आहे. सिडनी-लंडन थेट, सतरा हजार किलोमीटर, वीस तासांच्या वर. त्यासाठी एअरबस ए३५०-१०००ची खास आवृत्ती, मागच्या बाजूला वीस हजार लिटरची जादा टाकी, आणि आसनं पुन्हा २३८. पहिली उड्डाणं २०२७ मध्ये अपेक्षित आहेत. १९४७ मध्ये त्यांचं कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला चार दिवसांत पोचायचं आणि वाटेत कोलकाता-कराचीला थांबायचं. आपल्या एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ही त्याच जातीचं कॉन्स्टेलेशन, ८ जून १९४८ ला ते मुंबईहून कैरो-जिनिव्हा करत लंडनला गेलं. सिडनीहून युरोपला जाणाऱ्यांना तेव्हापासून कुणाच्या ना कुणाच्या अंगणात उतरावं लागलं, आणि त्या उतरण्यावर सिंगापूर, दुबई मोठी झाली. क्वांटासला ती गिऱ्हाइकी परत हवी आहे.

मला मात्र जास्त औत्सुक्य वाटतं ते दुसऱ्या टोकाच्या विमानाचं. ए३२१एक्सएलआर हे मधून एकच वाट असलेलं, आपल्या रोजच्या गोवा-दिल्लीच्या विमानासारखं दिसणारं, पण ८,७०० किलोमीटर जाणारं. मागच्या भागात पोटातच १२,९०० लिटरची टाकी बसवली आहे. विमान पोटावर घसरलं तर ती पेटू नये म्हणून नियामकांनी जादा मजबुती मागितली आणि त्यामुळे प्रमाणपत्राला उशीर झाला. स्पेनच्या आयबेरियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर माद्रिद-बोस्टन सुरू केलं. दोनशेच्या आत माणसं मिळाली की विमान भरलं, त्यामुळे तीनशे माणसं कधीच न मिळणारी शहरं थेट जोडता येतात. इंडिगोने युरोपची सुरुवात जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला केली, तीही नॉर्स कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ७८७ वर. एक्सएलआरसाठी मात्र मुंबई-अथेन्स निवडलं.

मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर आहे, कागदावर एक्सएलआर तिथेही जाईल. पण हीथ्रोला उतरायची आणि उडायची ठरावीक वेळ, म्हणजे स्लॉट, मिळवणं हेच मुळात अवघड: २०१६ मध्ये ओमान एअरने अशा एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजले. एवढ्या किमतीच्या स्लॉटवर दोनशे माणसांचं विमान कोण उतरवेल? अथेन्सला तसली किंमत मोजावी लागत नाही.